तुम्ही विचारलंत म्हणून: हडपसरला शिंदे जिंकले असते तर?

दिवाळी अंकासाठी ‘जर-तर’ची कथा लिहू पाहणारे एक प्रश्न हमखास विचारतात. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर शिंदे-पेशव्यांच्या फौजेकडून हरले असते, तर पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला वसईला गेलाच नसता आणि इंग्रज पुण्यात शिरले नसते, अशी कथा जमेल का? पानिपतावर सगळेच लिहितात. मराठ्यांच्या या आपसातल्या लढाईकडे कोणी वळलं की मला मनापासून आनंद होतो. पण माझा सल्ला असा की लढाईचा निकाल आहे तसाच ठेवा.

कारण त्याच दिवसाच्या एका कागदात आहे. रणांगणाकडे तोफा वाजत असतानाच पेशव्याच्या कारभाऱ्याने इंग्रजांचा पुण्यातला वकील, म्हणजे रेसिडेंट, बॅरी क्लोजकडे इंग्रजांच्या सहा पलटणी पदरी ठेवण्याची आणि त्यांच्या खर्चासाठी मुलूख तोडून देण्याची कबुली पोचवली होती. ३१ डिसेंबरला वसईत जो तह झाला त्याचा गाभा तोच. म्हणजे शिंद्यांचा सरदार सदाशिवभाऊ बक्षी जिंकला, तरी हा कागद क्लोजच्या हातात राहतोच. बाजीरावावर शिंद्यांची पकड आणखी आवळली जाते, आणि त्या पकडीतून सुटायला तो पुन्हा इंग्रजांकडेच बघतो. कथा वर्षभर पुढे ढकलली जाते, एवढंच. ज्याला निकाल बदलायचाच आहे, त्याने आधी या कागदाची वाट लावावी.

मग बदल कुठे करायचा? त्या दुपारी बाजीराव पर्वतीकडून सिंहगडाकडे पळाला, तिथे. यशवंतरावांनी लढाईनंतर लगेच शहर लुटू दिलं नाही, चौक्या बसवल्या, पेशव्याने परत यावं म्हणून खटपट केली. बाजीराव थांबला असता तर बोलणी होण्याजोगी होती. पण नुसतं ‘तो थांबला’ असं लिहिलंत तर वाचक विश्वास ठेवणार नाही, कारण त्याच्या भीतीला सबळ कारण होतं. एप्रिल १८०१ मध्ये त्याने यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं होतं. ते करून त्यांच्याच भावापुढे बसायचं धाडस बाजीरावात कुठून येणार!

म्हणून खरी कळ तिथे, दीड वर्ष मागे. विठोजींना मारू नका, कैदेत ठेवा. नाना फडणीस १८०० च्या मार्चमध्ये गेलेले, दरबारात बाजीरावाला आवरणारं कोणी नाही. तेव्हा कैदेचा सल्ला देणारा माणूस तुम्हालाच उभा करावा लागेल. मग एक कसोटी घ्या: विठोजी जिवंत असतील तर यशवंतराव पुण्यावर येतात का? येतात. भावाला सोडवायचं आहेच. शिवाय १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने यशवंतरावांचे दुसरे भाऊ मल्हारराव होळकर यांना मारलेलं, त्यांचा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत, आणि १८०१ च्या ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने होळकरांचं इंदूर लुटलेलं. लढाई होते, फक्त संध्याकाळी बाजीरावाकडे देवघेवीला एक जिवंत माणूस असतो. आणि देण्यासारखं काही असलं की माणूस पळण्याआधी एकदा थांबतो. मला ही कथा वाचायला आवडेल.

आता रणांगण. होळकर हडपसरच्या अंगाला, शिंदे-पेशवे घोरपडी-वानवडीकडे. सकाळी साडेनवाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. समोरून पंचवीस गोळे येईपर्यंत आपण हात उचलायचा नाही, अशी यशवंतरावांची ताकीद होती असं सांगतात. शिंद्यांच्या बाजूचा कणा म्हणजे कॅप्टन डॉजच्या चार पलटणी, शिंद्यांची कवायती फौज उभारणाऱ्या द बॉईन या युरोपीय अधिकाऱ्याच्या जुन्या तालमीतल्या. एका घटकेला होळकरांचे स्वार मागे रेटले गेले. तेव्हा यशवंतराव स्वतः घोडा घालून तोफांवर तुटून पडले. डॉज पडला, पलटणी तिथेच मोडल्या.

हा हल्ला लिहिताना बहुतेकांचा वेळेचा हिशेब चुकतो. त्या काळच्या बंदुकीचा भरवसा शंभर पावलांच्या आत. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढतो. भरधाव घोडा ते अंतर दहा-बारा सेकंदांत कापतो. म्हणजे पलटणीच्या वाट्याला एकच बार. तो लवकर सुटला की फुकट गेला, आणि पुन्हा ठासायला वेळ उरत नाही. कथेत शिपाई सलग चार-पाच बार काढताना दिसला की मी तिथेच थांबतो.

जमीनही नीट बघा. हडपसरचा कालवा त्या दिवशी नव्हता, तो खडकवासल्याच्या धरणाबरोबरचा, १८७० च्या दशकातला. पुण्याचा लष्कर भाग नव्हता; छावणी १८१७ नंतरची. महादजी शिंदे मात्र १७९४ मध्ये वानवडीलाच वारलेले; शिंद्यांचे शिपाई आपल्या जुन्या धन्याच्या समाधीच्या आसपास लढत होते. हे कोणी कथेत का वापरत नाही, कळत नाही.

शेवटी पगार. यशवंतरावांकडे १४ पलटणी आणि सुमारे २५,००० स्वार. पायदळ १०,००० धरा, शिपायाला महिना ६ रुपये, स्वाराला घोड्यासकट ३० रुपये. महिन्याला ८ लाख १० हजार झाले. वसईच्या तहात इंग्रजी फौजेसाठी तोडून दिलेल्या मुलखाचं वर्षाचं उत्पन्न २६ लाख. ही फौज ते सव्वातीन महिन्यांत संपवते. खऱ्या इतिहासात हा पैसा पुढे पुण्याच्या सावकारांकडून मारून-मुटकून वसूल झाला. तुमच्या कथेत बाजीराव आणि यशवंतराव मांडीला मांडी लावून बसले, तरी डिसेंबरात फौज दारात धरणं धरून बसणारच. तेव्हा समेटाच्या प्रसंगावर कथा संपवू नका. पुढचं प्रकरण तुळशीबागेजवळच्या एखाद्या सावकाराच्या पेढीवर सुरू करा, जिथे दोघांचे कारकून एकाच कर्जरोख्यासाठी येऊन बसलेत आणि सावकार तारण मागतोय.