एअर रायफलच्या दस्त्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतात? माझा अनुभव

स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलचा नेम बिघडला की लोक आधी छर्रे बदलतात, मग दुर्बिणीला शिव्या घालतात. मी आधी ॲलन की (स्क्रूची षटकोनी किल्ली) काढतो. १० मीटरवर रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाणारा ग्रुप (छर्र्यांच्या भोकांचा पुंजका) उभा पसरायला लागला किंवा बार काढताना दस्त्यातून कोरडा खडखडाट ऐकू आला, की बहुतेक वेळा दस्ता धरणारा एखादा स्क्रू पाव-अर्धा फेरा सुटलेला असतो.

हे होतं कारण या रायफलचा झटका दुहेरी असतो. नळकांड्यातला दट्ट्या (पिस्टन) स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे सरकते. तोच दट्ट्या शेवटी दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा ती पुढे झटका खाते. सगळं काही मिलिसेकंदांत. स्क्रू जागेवर राहतो तो आट्यांमधल्या आणि डोक्याखालच्या घर्षणामुळे, आणि हे घर्षण टिकतं स्क्रूमधल्या ताणामुळे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की स्क्रूच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा आडव्या सरकण्याने स्क्रू कितीतरी लवकर फिरतो. दस्ता आणि नळकांडं यांच्यात नेमकं हेच आडवं सरकणं चालू असतं. साधा स्प्रिंग वॉशर इथे फारसा उपयोगी पडत नाही. आवळला की तो सपाट होतो आणि उरतो फक्त एक वॉशर.

मुंबईत यात हवेची भर पडते. बीचच्या लाकडाचा दस्ता पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो. स्क्रूचं डोकं हलत नसल्याने त्याखालचे लाकडाचे तंतू चिरडले जातात. दिवाळीनंतर लाकूड सुकून आकसतं, पण चिरडलेले तंतू काही परत उभे राहत नाहीत. त्यामुळे एकही छर्रा न मारता कपाटात ठेवलेल्या रायफलचे स्क्रू नोव्हेंबरात ढिले मिळतात. म्हणून लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावण्याआधी स्क्रूची बैठक पक्की करावी. बैठक कच्ची असेल तर चिकटवलेला स्क्रू फिरणार नाही, पण ताण जातोच आणि दस्ता हलतो तो हलतोच.

हाताळण्याआधी नळीत छर्रा नाही, स्प्रिंग दाबून अडकवलेली नाही आणि नळी पूर्ण बंद आहे, हे बघावं. दस्ता उतरवायला हरकत नाही, पण नळकांड्यातली स्प्रिंग उघडायच्या भानगडीत पडू नये. तिच्यावर आधीच दाब असतो आणि काढायला वेगळा क्लँप लागतो.

ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूसाठी मी धातूची बाही बसवतो. एम६ (६ मिमी जाडीच्या) स्क्रूला आतून ६.५ मिमी आणि बाहेरून १० मिमी अशी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची नळी घ्यायची. लांबी तिथल्या लाकडाच्या जाडीइतकीच हवी. डोकं एका टोकाला टेकतं, नळकांडं दुसऱ्या टोकाला, आणि लाकूड फुगो की आकसो, ताण धातू ते धातू राहतो. लाकडातलं भोक १०.५ ते ११ मिमी करून सावकाश सुकणाऱ्या एपॉक्सीने बाही बसवायची. स्क्रूला मेणाचा हात द्यायचा म्हणजे तो एपॉक्सीत अडकत नाही. लगेच सुकणारं एपॉक्सी टाळावं, बाही सरळ करायला वेळच मिळत नाही. दस्त्याच्या पुढच्या भागातल्या, दोन्ही बाजूंच्या स्क्रूंना बहुधा बाहीइतकी जागा नसते. तिथे चिरडलेल्या तंतूंवर पातळ सुपरग्लू मुरवून, सुकल्यावर थोडा रुंद, वाटीच्या आकाराचा वॉशर घालतो. वॉशर जाड झाला की आट्यांत जाणारी लांबी घटते. एम६ ला निदान ६ मिमी, म्हणजे ६ पूर्ण फेरे, आत जायलाच हवेत. लांब स्क्रू घालून ही तूट भरू नये, काही रायफलींत टोक आत दट्ट्याला किंवा ट्रिगरच्या भागांना लागतं. वॉशर, बाहीची नळी आणि योग्य आट्यांचे स्क्रू मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात. जुना स्क्रू खिशात टाकून जावं, तोंडी माप सांगून आट्यांचा घोळ होतो.

मग स्वच्छता, जी बहुतेकांना नकोशी असते. तेलकट आट्यांत लॉकटाइट नीट धरत नाही. स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ब्रशने घासतो, भोक कापसाच्या काडीने पुसतो. फवारा मात्र मारत नाही, कारण आरपार भोकातून द्रव नळकांड्यात जातो, आणि तिथे गेलेला असा द्रव किंवा तेल दाबाने पेट घेतं. धूर, मोठा आवाज आणि लवकरच खराब झालेलं दट्ट्याचं सील. अल्कोहोलऐवजी थिनरही नको, तो दस्त्याचं पॉलिश खातो.

लॉकटाइटमध्ये मी जांभळा २२२ वापरतो. लहान स्क्रूंसाठी तो पुरतो आणि साध्या ॲलन कीने सुटतो. निळा २४३ थोडं तेल सहन करतो, पण एम५ पेक्षा बारीक स्क्रूला नको, खाच झिजते. लाल तर अजिबात नको. तो सोडवायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, आणि शेजारी लाकूड, सील आहे.  

थेंब एकच, टोकापासूनच्या तीन-चार आट्यांवर. भोक बंद असेल तर थेंब भोकाच्या तळाशी टाकावा, नाहीतर आत कोंडलेली हवा द्रव बाहेर ढकलते. हा द्रव हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतो. स्टेनलेस स्क्रूवर त्याला जास्त वेळ लागतो. मी आवळून पूर्ण २४ तास हात लावत नाही. अर्धवट घट्ट झालेल्यावर ‘अजून थोडा’ पीळ दिला तर धरलेलं तुटतं. प्लास्टिकच्या दस्त्याला हा द्रव लागू देऊ नये, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. बाटली अर्धी रिकामी दिसली तरी ती भरलेलीच, आतली हवाच द्रव पातळ ठेवते. नकली माल पुष्कळ आहे, म्हणून नवी बाटली आणली की आधी एका साध्या नट-बोल्टवर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघावं.

दुर्बिणीच्या रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू मी कोरडेच ठेवतो आणि १.७ ते २ न्यूटन-मीटर पिळावर थांबतो. ओल्या आट्यांवर तोच पीळ दिला की ताण वाढतो आणि दुर्बिणीची नळी चेपते. खालच्या पकडीच्या स्क्रूंना २२२ चालतो.

शेवटी प्रत्येक डोक्यावरून वॉशरवर उतरणारी नेलपॉलिशची बारीक रेघ. नेलपॉलिश स्क्रू धरून ठेवत नाही, पण तो फिरला की लगेच दिसतं. रेघ तुटलेली दिसली तर नुसतं आवळून भागत नाही, कारण आतलं लॉकटाइट फुटून पांढरा भुगा झालेला असतो. स्क्रू काढून भुगा ब्रशने झाडायचा, आटे पुन्हा पुसून नवा थेंब लावायचा आणि परत २४ तास थांबायचं. दस्ता एकदा उघडून बसवला की पहिले १५-२० छर्रे कागदावर मोजत नाही, नेमाचं सेटिंग त्यानंतरच करतो.