अण्णांचं 'हां बघ'

अण्णांना मेंदूचा अटॅक, म्हणजे स्ट्रोक, आला त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, तोंड वाकडं झालं, आईने "अहो काय होतंय" म्हणून विचारलं तर म्हणाले "हां बघ". परत विचारलं, परत "हां बघ". पुढचे तीन महिने अण्णांच्या तोंडात एवढंच होतं. भूक लागली की हां बघ, राग आला की हां बघ, आणि माझी मुलगी शाळेतून आली की तेच हां बघ पण इतक्या लाडात की तिला बरोब्बर कळायचं आजोबा काय म्हणतायत.

आमच्याकडे याला वाचा बसली म्हणतात. डॉक्टर म्हणाले अफेझिया. मराठीत वाचाघात. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, आणि बहुतेक माणसांची भाषा डावीकडेच असते, उजवा हात-पायही तीच बाजू चालवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं.

शेजारचे काका दुसऱ्याच आठवड्यात पाटी-पेन्सिल घेऊन आले, बोलता येत नाही ना मग लिहू दे की त्यांना. अण्णांनी डाव्या हाताने दोन वाकड्या रेघा मारल्या, बराच वेळ त्याकडे बघत बसले आणि पाटी पालथी घातली. तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं की जीभ अडलेली नाही, शब्द जिथून निघतो तिथेच अडलंय, मग तो तोंडातून काढा नाहीतर पेन्सिलीतून. हो आणि नाही सुद्धा उलटसुलट व्हायचं. दवाखान्यात एका रात्री सिस्टरने विचारलं दुखतंय का, हे "नाही" म्हणाले, तिने तसं लिहून टाकलं, आणि रात्रभर उजवा खांदा धरून कण्हत होते. दोष तिचा एकटीचा नाही, आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं की यांच्या शब्दावर जाऊ नका, चेहरा बघा, हात बघा.

पण सगळ्यात जास्त त्रास भेटायला येणाऱ्यांचा झाला. कोणी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायचे, कोणी त्यांच्यासमोरच आईला म्हणायचे "आता काही कळत नसेल ना त्यांना". लांब वाक्य भरभर बोललं तर अण्णांचं खरंच निसटायचं, ते मान्य. पण हाच माणूस डाव्या हातात पानं धरून पाच-तीन-दोन मध्ये मला आणि माझ्या बायकोला हरवत होता, लाईट बिलावर मागच्या महिन्यापेक्षा जास्त आकडा दिसला की बोट ठेवून हां बघ, हां बघ करत घर डोक्यावर घेत होता. त्या माणसाला कळत नाही म्हणता?

त्या दिवसांत मी रात्री जागून जे सापडेल ते वाचत होतो आणि तिथे लबोर्न भेटला. फ्रान्समधला, बुटांचे लाकडी साचे बनवणारा कारागीर, लहानपणापासून फिट्स यायच्या, तिशीत वाचा गेली आणि नंतरची २१ वर्षं पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात. काहीही विचारा, उत्तर एकच, "तां तां". वॉर्डात त्याचं नावच तां पडलं होतं. फार चिडला की एक शिवी मात्र तोंडातून अख्खी यायची. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो सर्जन पॉल ब्रोकाकडे आला, काही दिवसांत वारला, आणि ब्रोकाने मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढे, कपाळाच्या मागच्या भागात खराबी सापडली. त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे. मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलाय, २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढून बघितला तर खराबी ब्रोकाने वरून बघितली त्यापेक्षा खूप खोलवर गेलेली होती. पण मला लागलं ते वेगळंच, या माणसाचं पूर्ण नाव आणि गाव २०१३ मध्ये एका पोलिश संशोधकाने जुनी कागदपत्रं काढली तेव्हा कुठे पुढे आलं. लुई व्हिक्टर लबोर्न. दीडशे वर्षं कितीतरी पुस्तकं त्याला तांच म्हणत होती. मी दुसऱ्या दिवशी घरात सांगून टाकलं, अण्णांची 'हां बघ' अशी नक्कल कोणी करायची नाही, पोरांनी सुद्धा.

स्पीचवाल्या मॅडम यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एक बोट वर केलं, "एक..." म्हणाल्या आणि अण्णा सरळ वीसपर्यंत गेले! आई पदराने डोळे पुसायला लागली. मग मॅडमनी स्टीलचा ग्लास समोर धरला, हे काय? "हां बघ". त्यांनी समजावलं की पाढे, वार, आरत्या, पाठ झालेलं सगळं एका ओघात बाहेर येतं, त्याला शब्द एकेक शोधावा लागत नाही, ग्लास म्हणायला मात्र शोधावा लागतो. मला एकदम सुचलं. अण्णा २८ वर्षं एसटीत कंडक्टर. मी म्हणालो "सातारा..." आणि ते सुटलेच, लिंब, आनेवाडी, पाचवड, भुईंज, सुरूर, वेळे, खंडाळा, शिरवळ, मधेच डाव्या हाताने बेलची दोरी ओढल्यासारखं केलं सुद्धा. पण मधेच थांबवून विचारलं पाचवडनंतर काय, तर हां बघ. परत साताऱ्यापासून गाडी काढावी लागायची.

मग रोज तेच. शब्दाचं पहिलं अक्षर आपण द्यायचं, "च..." आणि थांबायचं, कधी कधी मनात दहापर्यंत मोजून. डाव्या हाताने ताल देत "पा-णी दे" चालीत म्हणायचं, ही चालीची पद्धत बोस्टनमध्ये निघाली, १९७३ पासून त्यावर लिहिलं जातंय. चहा आला, नको आला, आईचं नाव आलं. "चहा आई गरम नको" असं, विभक्तीबिभक्ती सगळी गळालेली, कधी चष्म्याला घड्याळ.

सहा महिने झाल्यावर एका ठिकाणी आम्हाला ऐकवलं की जे यायचं ते आलं, आता पैसे घालवू नका. आई दोन दिवस जेवली नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते हे खरंय, पण दार बंद होतं हे खरं नाही. जर्मनीत १५६ जणांवर अभ्यास झाला, सगळ्यांना स्ट्रोक होऊन सहा महिने तरी उलटलेले, तीन आठवडे आठवड्याला किमान दहा तास थेरपी दिली आणि रोजच्या बोलण्यात फरक पडला. २०१७ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आलंय. तुमच्या घरात कोणी असं असेल आणि सहा महिन्यांचा हिशोब कोणी सांगितला तर हे त्यांच्यासमोर ठेवा, आणि तास वाढवून मागा. आम्ही मॅडमना आठवड्यातून एकदाऐवजी चारदा बोलावलं आणि बाकीचं घरी केलं.

गेल्या महिन्यात मावशीकडे पुण्याला निघालो होतो, अण्णांच्या हट्टाने एसटीनेच. ते खिडकीशी. गाडीत गर्दी, मी मोबाईलमध्ये, कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी सातारा म्हणून सुरुवात करून दिली नव्हती. गाडी हळू झाली. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाले, "भुईंज."