'इथे' असं कोरलेल्या जागा

पवित्र भूमीच्या, म्हणजे येशूच्या देशाच्या, यात्रेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "ती जागा खरंच तीच आहे का हो? आणि नसेल, तर साठवलेले पैसे मोडून इतक्या लांब डोकं टेकवायला कशाला जायचं?" विचारणारे बहुतेक वेळा श्रद्धावानच असतात. आपली भक्ती चुकीच्या दगडावर वाया जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाझरेथच्या महामंदिरात खालच्या गुहेत एक साधी वेदी आहे. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'शब्द इथे देही झाला', म्हणजे देव इथे माणूस झाला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या मूळ वाक्यात 'इथे' हा शब्द नाही, तो त्या जागेने घातला आहे. बेथलेहेमच्या गुहेत जमिनीवर चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. त्याच्याभोवतीही तोच शब्द येतो: 'इथे कुमारी मरियेपासून येशू ख्रिस्त जन्मला.' यात्रेला निघणारा माणूस या 'इथे'साठीच निघतो, आणि शंकाही याच शब्दाची असते.

काही जागांबद्दल शंकेला वावच नाही. जेरुसलेममध्ये संत अॅनच्या चर्चशेजारी बेथेस्दाचं तळं आहे. ३८ वर्षं खिळून पडलेला माणूस बरा झाला तो प्रसंग योहान तिथला सांगतो आणि तळ्याला पाच पडव्या होत्या असं म्हणतो. चार बाजूंच्या तळ्याला पाच पडव्या कशा, म्हणून हा आकडा केवळ प्रतीक आहे असं काही अभ्यासक मानत. खोदल्यावर शेजारी शेजारी दोन तळी निघाली, मध्ये रुंद भिंत. चार बाजूंच्या चार आणि मधल्या भिंतीवरची पाचवी. शिलोहचं तळं २००४ साली सांडपाण्याच्या नळाचं काम चालू असताना सापडलं. गालील सरोवराकाठच्या कफर्णहूमला पांढऱ्या चुनखडीचं जे देखणं यहुदी सभास्थान उभं आहे ते येशूनंतर तीन-चारशे वर्षांचं, पण खाली वाकून पाहिलंत तर त्याचा पाया काळ्या पाषाणाचा दिसेल. तो जुना आहे. दगड आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, बेसॉल्ट.

या सगळ्यांत मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या जेरुसलेमच्या जुन्या यहुदी मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्या, आणि नेमक्या त्याच बऱ्याच सहलींच्या यादीत नसतात. काही मूळच्या आहेत, काही नव्याने बसवलेल्या. सणाला आलेले यात्रेकरू याच बाजूने वर चढत, आणि येशूही इथून चढला असणार. एक पायरी अरुंद, पुढची रुंद, मग पुन्हा अरुंद. त्यामुळे एका लयीत भराभर चढताच येत नाही, दर पायरीला पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. तिथे १२१ वं स्तोत्र म्हणत चढा, 'मी आपली दृष्टी पर्वतांकडे लावतो'. सावली अजिबात नाही, तेव्हा सकाळी लवकरच जा.

आता ज्या जागेबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं ती, पवित्र कबरेचं मंदिर. पहिल्यांदा येणारे तिथे गोंधळतात. बायबल सांगतं की प्रभूने वेशीबाहेर मरण सोसलं, आणि ही कबर तर जुन्या शहराच्या ऐन मध्यात, बाजाराला लागून! कारण असं, की क्रुसारोहणाच्या वेळी ही जागा वेशीबाहेरच होती. चुनखडीची जुनी खाण आणि तिच्या कपारीत कबरी. पुढे ४१ ते ४४ या काळात राजा अग्रिप्पाने नवा तट बांधला आणि खाण शहराच्या आत आली. १३५ नंतर सम्राट हेड्रियनने तिच्यावर देऊळ उभारलं. कॉन्स्टंटाइनने ३२६ च्या सुमारास ते देऊळ पाडायला लावलं आणि खाली कबर निघाली. नवीच जागा ठरवायची असती तर शहराबाहेरची मोकळी टेकडी कितीतरी सोयीची होती. तरी स्थानिक ख्रिस्ती लोकांनी वस्तीतल्या देवळाखालच्याच जागेकडे बोट दाखवलं, यात मला फार मोठी साक्ष दिसते. २०१६ साली कबरेवरची संगमरवरी फरशी काही तास उघडली, तेव्हा खाली चुनखडीचा मूळ ओटा शाबूत दिसला आणि बांधकामाचा चुना चौथ्या शतकातला निघाला. वरची इमारत मात्र १००९ मध्ये पाडली गेली, पुन्हा बांधली, १८०८ मध्ये जळाली. आत्ताची कबरेची छत्री १८१० ची आहे. प्रॉटेस्टंट बांधव दमास्कस वेशीबाहेरच्या बागेतल्या कबरेत प्रार्थना करणं पसंत करतात. ती कबर पुराणवस्तू-अभ्यासकांच्या मते येशूच्या कितीतरी शतकं आधीची, पण बाग शांत आहे आणि योहानाने वर्णिलेली पुनरुत्थानाची सकाळ तिथे डोळ्यांसमोर सहज उभी राहते.

मंदिरात शिरताच समोर अभिषेकाचा लालसर दगड दिसतो. लोक गुडघे टेकून त्यावर तेल ओततात, रुमाल फिरवतात, घरच्या आजाऱ्याचा शर्ट त्यावर अंथरतात. हा दगडही १८१० मध्येच बसवलेला. म्हणून ते रुमाल खोटे ठरतात का? मला तसं वाटत नाही. तेल ओतणारी बाई दगडाचं वय विचारायला आलेली नसते. येशूच्या मृत देहाला सुगंधी द्रव्यं लावायला निघालेल्या त्या बायकांच्या रांगेत ती उभी असते, आणि ती रांग खरीच आहे.

येशू क्रूस घेऊन गेला त्या क्रूसाच्या वाटेचंही तसंच. थांबून प्रार्थना करायच्या चौदा स्थानांची आजची वाट साधारण ६०० मीटरची, शेवटची पाच स्थानं कबरेच्या मंदिराच्या आतच. रोमन सुभेदार पिलाताने निवाडा केला तो बहुधा शहराच्या पश्चिमेला, हेरोदाच्या राजवाड्यात. म्हणजे येशू या गल्ल्यांतून या क्रमाने गेला असं म्हणता येत नाही. पण कित्येक शतकांच्या यात्रेकरूंचे गुडघे इथल्या दगडांना लागले आहेत. पहाटे साडेपाचला निघालात तर दुकानांची शटर बंद असतात आणि तासाभरात वाट शांतपणे होते. नाहीतर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर चाला, वेळ आधी विचारून घ्या. सकाळी दहानंतर स्वतःचा गट घेऊन गेलात की निम्मं लक्ष मागचा माणूस चुकला का यातच जातं.

यात्रा बिघडते ती बहुधा जागेच्या शंकेने बिघडत नाही, उरकण्याने बिघडते. दहा दिवसांत इजिप्त, इस्राएल, जॉर्डन असे तीन देश, एका दिवसात सहा-सात स्थळं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं आणि त्यातली पंधरा फोटोत. बेथलेहेमला दुपारी पोचलात तर गुहेत उतरण्याच्या रांगेतच दीड-दोन तास मोडू शकतात, आणि ताऱ्यापाशी दहा सेकंद मिळतात. म्हणून जेरुसलेमला निदान तीन मुक्काम मागा आणि एक पहाट मोकळी ठेवा. कबरेचं मंदिर पहाटे चार-पाचलाच उघडतं. त्या वेळी आत मोजकी माणसं असतात आणि मेणाचा वास असतो, एका कोपऱ्यात ग्रीक उपासना चाललेली असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात आर्मेनियन. सहा पंथ एका छपराखाली नांदतात आणि दाराची किल्ली पिढ्यान्पिढ्या एका मुस्लीम घराण्याकडे आहे.

उजवीकडच्या उंच, झिजलेल्या पायऱ्यांनी आधी गोलगोथावर, म्हणजे क्रूस उभा राहिला त्या खडकावर, चढा. गुडघे दुखणाऱ्यांना हात द्यायला कोणीतरी बरोबर हवं. वेदीखाली गुडघ्यांवर सरकत जावं लागतं. चांदीच्या तबकडीला मध्ये भोक आहे, त्यात कोपरापर्यंत हात घातला की बोटांना खडक लागतो, गार आणि खडबडीत. मग खाली कबरेकडे. बाहेरची छोटी खोली, मग कंबरेत वाकायला लावणारं दार, आत तीन-चार माणसांपुरती जागा. बाहेरचा साधू लवकरच हाक मारतो, म्हणून काय म्हणायचं ते रांगेतच ठरवून ठेवा. आत फोटो नको, याचनांची यादीही नको. मार्कच्या सोळाव्या अध्यायातलं एकच वाक्य पुरे: 'तो उठला आहे, तो येथे नाही.'

नाझरेथला 'इथे', बेथलेहेमला 'इथे', आणि सगळ्यांत मोठ्या जागी देवदूत सांगतो 'येथे नाही'. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या वाक्यात सापडतं. त्या ओट्यावर देव अडकून पडलेला नाही. त्यामुळे जागा दोन हात इकडे असती की तिकडे, याने प्रार्थनेचं काही अडत नाही. तरीही 'तो येथे नाही' हे ऐकायला त्या बायकांना कबरेपर्यंत चालत जावंच लागलं होतं.

त्याच देवदूताचं पुढचं वाक्य आहे, 'तो तुमच्यापुढे गालिलात जात आहे.' बहुतेक सहली गालील आधी करतात आणि जेरुसलेमला संपवतात. आयोजकांशी बोलून क्रम उलटा करता आला तर जरूर करा. बसने अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली, त्यामुळे शेवटी कानात दडे बसतात. तिथे सकाळी लवकर ताबघाला जा. पाण्याला लागून काळ्या दगडाचं लहानसं चर्च आहे आणि आत जमिनीतून वर आलेला मोठा खडक. उठलेल्या प्रभूने इथेच कोळशांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारी दिली, अशी परंपरा आहे. या सरोवरातला मासाही आपल्या उजनीच्या चिलापीच्याच कुळातला. गाईडला थोडा वेळ बाजूला बसायला सांगा, काठावरच्या गोट्यांवर अनवाणी उभे राहा आणि योहानाचा एकविसावा अध्याय एकाने मोठ्याने वाचावा, मराठीत, सावकाश. पेत्राला तीनदा विचारलेला 'तू माझ्यावर प्रीती करतोस काय' हा प्रश्न आला की वाचणाऱ्याने थांबावं आणि पुढचं वाचायची घाई कोणी करू नये.