बोटीचा दिवस आणि आमची वाटचाल

२०१६ च्या शेवटी मी एका मोठ्या टूर कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट पक्की होती, की आपण ग्रीस करायचं आणि फक्त ग्रीसच करायचं. त्या कंपनीत मी ऑपरेशन्सला होतो, युरोपचे भरगच्च ग्रुप बसवायचं काम माझ्याकडेच असायचं, आणि त्यात ग्रीस आलं तरी अथेन्सला एक रात्र, सँटोरिनीला एक रात्र, फोटो काढा की लगेच विमानतळ. बोटीची सफर 'ऑप्शनल' या रकान्यात, ज्याला जायचंय त्याने तिथल्या तिथे पैसे भरून जावं. मला हे कधीच पटलं नाही. बेटावर गेलेला माणूस बोटीत बसलाच नाही तर त्याने बेट बघितलं कुठे?

सँटोरिनीचंच बघा. ते बेट म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीची उरलेली कड आहे. साधारण ३६०० वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र भरला. वर कड्यावरच्या फिरा किंवा ओइया या गावांतल्या गच्चीवर बसलं की खाली निळं पाणी दिसतं, छान दिसतं, पण आपण ज्या कड्यावर बसलोय तो कडा काही दिसत नाही. तो बघायला खाली पाण्यातच यावं लागतं. लाल, काळे, राखाडी, पांढरे थर एकावर एक आणि त्याच्या पार टोकाला ती पांढरी घरं. हे बघितल्यावर माणसं बोलायची थांबतात, मी प्रत्येक बॅचला बघतो.

तर सुरुवात. बायकोने हिशोब आणि व्हिसाची कागदपत्रं घेतली, मी बुकिंग आणि ग्रुपबरोबर जाणं घेतलं, कोथरूडला एका मित्राच्या ऑफिसात एक टेबल मिळालं आणि मे २०१७ ला पहिली बॅच निघाली. सगळे ओळखीतलेच, बँकेतून रिटायर झालेले, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, एक डॉक्टर जोडपं. आजही आमचा ग्राहक साधारण हाच आहे, पन्नाशी-साठीचा, वाचलेला, पैसे जपून खर्च करणारा आणि एकदा विश्वास बसला की दहा जणांना सांगणारा. जाहिरातीवर आम्ही आजवर फार खर्च केला नाही तो यांच्यामुळेच.

या लोकांचे प्रश्न पहिल्या दिवसापासून ठरलेले. बोट लागेल का, पोहता येत नाही तर काय करायचं, कपडे काय घालायचे, जेवायला काय. आमचा धंदा या चार प्रश्नांवर उभा राहिला असं मी म्हणेन.

सँटोरिनीला बोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. मोठ्या लाकडी बोटी, त्यात शंभरेक माणसं सहज असतात, स्वस्त असतात, ज्वालामुखीच्या बेटावर उतरवतात. आणि कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट, माणसं कमी, जेवण बोटीवरच, पण तिकीट तिप्पट-चौपट आणि बऱ्याचशा ज्वालामुखीवर उतरवत नाहीत, बाहेरूनच फिरवतात. आमच्या लोकांना दोन्हीतलं अर्धं अर्धं हवं होतं, म्हणून आम्ही ग्रुप बारा-चौदाचाच ठेवला आणि एक छोटी लाकडी बोट आख्खी भाड्याने घ्यायला लागलो. माणशी खर्च वाढला, नफा कमी झाला, पण वेळ आपल्या हातात आला. निआ कामेनीवर, म्हणजे त्या मधल्या काळ्या बेटावर, मोठ्या बोटी यायच्या आधी सकाळी लवकर पोचता येतं. तिथे शेवटचा उद्रेक १९५० ला झाला, अजून कुठेकुठे जमिनीतून वाफ येते, वरपर्यंत चढायला अर्धा तास धरा. सावलीचं नाव नाही, पायाखाली सुटे दगड, त्यामुळे सँडल-चप्पल चालणार नाही हे आम्ही निघायच्या आधीच्या मीटिंगमध्येच सांगतो. ज्यांचे गुडघे दुखतात ते खुशाल बोटीवर कॉफी घेत बसतात, कप्तान आपलाच असतो, घाई करत नाही.

मग शेजारच्याच पालिआ कामेनी बेटाचे गरम झरे. इथे लोकांना वाटतं की कुंड असेल, पायऱ्या असतील. तसं काही नाही. बोट खोल पाण्यात थांबते, तिथून उडी मारून किंवा शिडीने उतरून खाडीत आत पोहत जायचं, आधी गार पाणी आणि मग हळूहळू कोमट. पाण्यात लोह भरपूर, त्यामुळे रंग तांबूस आणि फिकट कपड्यांना डाग पडतात ते जात नाहीत, म्हणून जुने गडद कपडे. आमच्या बायका लेगिंग-टीशर्ट घालून उतरतात, बोट आपलीच असल्यामुळे कुणाला संकोच वाटत नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येत असो नसो, यावर मी वाद घालत नाही. एकदा टिळक टँकवर नेमाने पोहणाऱ्या एक काकू सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि मागून त्यांचे मिस्टर, ज्यांनी जन्मात पोहलेलं नव्हतं, ते जॅकेट घालून दोरी धरून उतरले. एवढा आनंद मी कुठल्या म्युझियममध्ये बघितलेला नाही.

जेवण. ग्रीसमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहतो हा समज काढून टाकायला आम्हाला वेळ लागला. सँटोरिनीची फावा म्हणजे तिथल्या मातीतली पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्ह तेल. टोमॅटोकेफ्तेदेस म्हणजे टोमॅटो, कांदा, पुदिना घालून तळलेली भजी. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, त्याला गेमिस्ता म्हणतात. फक्त आधी सांगावं लागतं, आणि तव्याला, ग्रिलला वेगळं म्हटलं की वेगळं ठेवतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी समोरच्या थिरासिया बेटावरच्या एका खानावळवाल्याशी आम्ही नीट बोलून ठेवलंय, दुपारचं जेवण तिथेच असतं.

आता वारा. या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकतो कारण आमच्या अख्ख्या कार्यक्रमाची आखणी त्यावर ठरते. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, आकाश स्वच्छ असतं, ऊन असतं आणि तरी बोट सुटत नाही. पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद असतात तसं, फरक एवढाच की इथे निर्णय त्या त्या दिवशी होतो, बंदरावरचा कोस्टगार्ड परवानगी देत नाही आणि छोट्या बोटी आधी थांबतात. त्यामुळे आमचे दोन नियम. एक, जुलै-ऑगस्टला बॅच नाही, मे, जून आणि सप्टेंबर एवढंच. दुसरा, बोटीचा दिवस बेटावर पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, शेवटच्या दिवशी कधीच नाही, म्हणजे वारा सुटला तर पुढे सरकवायला जागा राहते. दिवाळीच्या सुट्टीत न्या म्हणून दरवर्षी फोन येतात, पण ऑक्टोबर संपत आला की बेटांवरचा सीझन आवरायला लागतो, बोटी कमी होतात, हॉटेलं बंद होतात. पैसे घेऊन बंद दुकानं दाखवणं मला जमणार नाही, आम्ही नाही म्हणतो. झाकिन्थॉस बेटावरच्या फुटक्या जहाजाच्या बीचचंही तसंच, दरडी कोसळल्यामुळे तिथे उतरायला बंदी आहे, लांबून बोटीतूनच दिसतो, हे आधी सांगूनच टाकतो.

मिकोनॉस बेटावर आम्ही पार्टी-बिर्टी सोडून सकाळच्या पहिल्या बोटीने जवळच्या डिलॉस बेटावर जातो, अर्धा तास लागतो. ग्रीक देव अपोलोचं जन्मस्थान. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथली थडगी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवली आणि या बेटावर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही असा नियम केला. आजही पाहुण्यांना तिथे रात्री राहता येत नाही. पुरातत्त्व स्थळावर लायसन्सवाला स्थानिक गाइडच लागतो, तो इंग्रजीत बोलतो, म्हणून आदल्या संध्याकाळी मी हॉटेलात बसून सगळी गोष्ट मराठीत सांगतो. ही बैठक आता आमच्या ग्रुपमध्ये खूप आवडीची झालीये, लोक वह्या घेऊन येतात.

२०२० ला सगळं थांबलं ते सगळ्यांचंच थांबलं. बोटवाल्याने आमचं डिपॉझिट पुढच्या वर्षांवर ओढून दिलं, एका ईमेलवर, ते मी विसरणार नाही. आम्हीही ग्राहकांना तसंच केलं, ज्यांना पैसे परत हवे होते त्यांना हप्त्याने का होईना पण दिले. २०२२ ला परत सुरू झालो.

खरी कसोटी २०२५ ला. जानेवारीच्या शेवटी सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंपांची रांग लागली, शाळा बंद, दहा हजारांवर माणसं बेट सोडून गेली, आणि सरकारने जी बंदरं टाळायला सांगितली ती फिराचं जुनं बंदर, अमूदी, अर्मेनी, कोर्फोस, म्हणजे आम्ही बोटीसाठी जी वापरतो नेमकी तीच. आमची मेची बॅच भरलेली होती. बायकोने एकेकाला फोन केला आणि तीन पर्याय दिले, पूर्ण पैसे परत, सप्टेंबरला या, किंवा सँटोरिनीऐवजी मिलॉस हे दुसरं बेट. निम्म्याहून जास्त लोकांनी मिलॉस घेतलं. अदामास बंदरातून बोट, बेटाला वळसा घालून क्लेफ्तिकोला, पांढऱ्या खडकांच्या कमानी, गुहा, मधून छोटी होडी जाते, गाडीरस्ता तिथे पोचतच नाही. मिलॉस आता आमच्या कार्यक्रमात कायमचं आहे, आणि हादरे थांबल्यावर सँटोरिनीही परत आलंय.

सध्या रोड्स बेटावरून सिमी बेटाची बोट बघतोय. स्पंजसाठी बुडी मारणाऱ्यांचं बेट, बंदरात शिरताना दोन्ही बाजूंना डोंगरावर चढत गेलेली रंगीत घरं, आणि मागच्या बाजूला पानोर्मितिसचा मठ. एप्रिलमध्ये मी एकटा जाऊन दोन-तीन बोटवाल्यांना भेटणार आहे, शिडी कशी आहे, सावली किती आहे, टॉयलेट कुठे आहे आणि वेगळ्या तव्याला कोण हो म्हणतं ते बघणार. जमलं तर सप्टेंबरची पहिली बॅच तिकडे, बारा जणांचीच.