टोकं जागेवर आली! (उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याच्या, कापडाशी भांडण, पुढचा भाग)

माझ्या निळ्या-पांढऱ्या गोधडीतला सॉटूथ स्टारचा (करवतीच्या दात्यांसारख्या टोकांच्या ताऱ्याचा) निळा ब्लॉक, म्हणजे जोडून केलेला एक चौकोन, काल एकदाचा साडेबारा इंच भरला. चारही बाजूंनी. आणि ताऱ्याची आठही टोकं काठापासून बरोबर पाव इंच आत, टिपेपुरती जागा सोडून! गेल्या वेळचा फोटो ज्यांनी पाहिलाय, उंदराने कुरतडल्यासारखी टोकं असलेला, त्यांना या आनंदाचं मोल कळेल.

त्या फोटोवर बहुतेकांनी टिपेवर, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या पाव इंचावर, बोट ठेवलं होतं. रास्तच आहे. टीप सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाव भागाने जरी जाड गेली तरी चार तुकड्यांच्या ओळीत तीन जोड, प्रत्येक जोडात दोन्ही तुकड्यांतून, म्हणजे दीड सूत गायब. पण दीड इंची तीन पट्ट्या जोडून मधली मोजायची चाचणी मी आधीच केली होती. मधली पट्टी चोख एक इंच येते. शिवाय टिपेचा दोष असता तर ब्लॉक सगळीकडून सारखाच आखडला असता. हा एका अंगाला कमी आणि दुसऱ्या अंगाला फुगलेला. म्हणजे कापडच सरकत होतं.

पांढरं आहे नवं पॉपलिन, निळी आहे आईची सुती साडी, धुऊन धुऊन मलमलीइतकी मऊ झालेली. चौकोन कर्णावर कापला की ती बाजू उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांना तिरकी जाते. तिला धरून ठेवायला एकही धागा नाही. पॉपलिन तरी थोडं ऐकतं, साडी मुळीच नाही. त्यात वेंगुर्ल्याचा पाऊस. कपाटातलं कापडसुद्धा हाताला दमट लागतं आणि त्यावर वाफेची इस्त्री ओढली की त्रिकोणाचं टोक डोळ्यांदेखत लांब होतं.

उत्तर मिळालं ते बाजारातल्या टेलरकाकांकडे, ब्लाउज आणायला गेले तेव्हा. ब्लॉक उलटा करून पाहिला न पाहिला आणि म्हणाले, "मऊ कापड खाली घाल गो बाय. दाते खालच्या कापडाक ओढतत, वरच्याक नाय." बस्स. वरचा थर प्रेसर फूट (मशीनचा कापड दाबणारा पाय) अडवून धरतो, खालचा थर मशीनचे दाते पुढे नेतात. म्हणून ढिलं कापड खाली असलं की त्याची ढिलाई टिपेतच जिरते. घरी येऊन साडी खाली, पॉपलिन वर. पहिल्याच जोडात कोपऱ्याला कोपरा!

पण तेवढ्याने भागत नाही, खळ हवीच. स्प्रेचे डबे मला परवडत नाहीत आणि आवडतही नाहीत, पांढरे कण राहतात. घरात उकड्या तांदळाची पेज होतेच. तिची निवळ गाळून पातळ केली, साडी बुडवली, पंख्याखाली पूर्ण वाळवली, इस्त्री केली आणि मगच कापली. आधी खळ, मग कापणी. उलट केलं तर कापलेले त्रिकोण भिजताना ताणतात. पावसाळ्यात खळीच्या कापडाला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात, तेव्हा लगेच शिवायचं असेल तेवढंच भिजवा, आणि गोधडी पुरी झाली की धुऊन टाका.

फ्लाइंग गीज (ताऱ्याच्या टोकांचे आयत: मधे मोठा त्रिकोण, दोन्हीकडे लहान) आता चार-एकदम पद्धतीने: मोठा चौकोन ७ इंच २ सूत, लहान चार ३ इंच ७ सूत. यात उरेब बाजू उघडी पडली तरी लगेच टिपेत जाते, बाहेरच्या सगळ्या कडा सरळ धाग्याच्या. (तयार ३ इंचांवर ७ सूत का? दोन्हीकडच्या टिपेचे पाव-पाव इंच आणि कर्णामुळे पाव इंचाची १.४१४ पट, बेरीज ०.८५४. सात सूत म्हणजे ०.८७५. उरलेलं छाटणीत जातं.) इस्त्री ठेवायची, उचलायची, ओढायची नाही. छाटणी कापड पूर्ण गार झाल्यावर. टोक मशीनने गिळू नये म्हणून आधी एक चिंधी शिवून मग त्रिकोण सरकवते. ११ नंबरची सुई आणि पातळ सुती दोरा.

ऑनलाइन मागवलेली स्वस्त ॲक्रिलिक पट्टी मात्र कपाटात गेली. बारा इंचांत अर्धं सूत जास्त दाखवते. एका गोधडीला एकच पट्टी, हा माझा नवा हट्ट. आणि पायाची जुनी उषा लाईट गेली तरी चालते, आषाढात याहून मोठं कौतुक नाही.

किनारीच्या एचएसटींचा (दोन त्रिकोण जोडून केलेल्या चौकोनांचा) बेत बदलतेय. दोन चौकोनांना भोवती टीप मारून चार काढायचे, असं मागे लिहिलं होतं. त्यात बाहेरच्या चारही कडा उरेब येतात. या हवेत नको रे बाबा. चार इंची चौकोनांतून दोन-दोन काढीन आणि साडेतीनला छाटीन.

हे लिहिता लिहिता सुचतंय: किनार सरळ जुन्या मलमलीवरच का शिवू नये? कागदावर शिवलं की तो नंतर फाडत बसावं लागतं, ते नको, मलमल आत राहू दे, उरेब कडेला तीच धरून ठेवील. आपल्याकडे थंडी ती किती, मधे कापूस कशाला हवा? तारे, मलमल, मागे एक अख्खी साडी, वरून धावदोरा. मग तर खळसुद्धा कमी लागेल. मधल्या थरासाठी कुणी धोतर वापरलंय का? आटतं किती ते सांगा, तोवर मी किनारीचं कापड कापत नाही.