भाडं शेवटी विचारावं

रविवार, रात्री

तुळशीचं लग्न लागलं की सोलापुरात मंगल कार्यालयांची शोधाशोध सुरू होते, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: भाडं किती? माझ्या मते तो शेवटी विचारावा. आधी विचारायचं ते एका पंगतीला किती पानं बसतात. वर अक्षतांना हजार माणूस मावतं आणि खाली पंगत दोनशेचीच असेल, तर पाच पंगती आल्या. मांडणं, वाढणं, जेवणं, उष्टी काढणं धरून पंगतीला पाऊण तास सहज जातो. साडेबाराच्या अक्षता असतील तर शेवटची पंगत उठायला साडेचार वाजतात. हॉल पाचला सोडायचा असेल तर पाठवणीची घाई होते, नाहीतर जादा तासांचे पैसे मोजावे लागतात. लेकीची पाठवणी घड्याळाकडे बघत करायला लागू नये.

स्वस्त कार्यालय महाग पडतं ते पाण्यावरून. महापालिकेचं पाणी इथे रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. म्हणून हौद किती लिटरचा आहे आणि बोअरला मे महिन्यात पाणी टिकतं का, हे विचारावं आणि नळ सोडून स्वतः बघावं. उन्हाळ्यात प्यायलाच माणशी दोन लिटर धरायचं. सहाशे माणसांना बाराशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे साठ जार. स्वयंपाक, भांडी आणि संडास-बाथरूमचं पाणी वेगळं. ते कमी पडलं तर ऐन पंगतीत टँकर शोधावा लागतो, आणि दाट तिथीला तो मागाल तेव्हा मिळत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजत नाही; आचाऱ्याला आधीच सांगून ठेवावं.

एप्रिल-मेमध्ये लॉन स्वस्त मिळालं तरी दुपारच्या अक्षतांसाठी घेऊ नये. पारा चाळिशीपार असतो. मंडपाचं कापड ऊन अडवतं, झळा अडवत नाही. म्हातारी माणसं आणि लहान पोरं हैराण होतात. लॉन घ्यायचंच तर गोरज मुहूर्त धरावा, मात्र रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, हे बँडवाल्यालाही सांगावं.

वीज बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे लावतात. किल्ली घेताना आणि देताना रीडिंगचा फोटो काढायचा. जनरेटरचे तास वेगळे लिहायचे, डिझेल कोणाचं तेही. समजा एका ठिकाणी भाडं 60,000 आहे, वर वीज, जनरेटर, सफाई, भांडी, टँकर मिळून 30,000 होतात. दुसरीकडे सगळं धरून 80,000 सांगतात. दुसरं स्वस्त. जीएसटी धरून का वेगळा, हेही तिथेच विचारावं.

तारखेत थोडं मागंपुढं करता आलं तर मोठी बचत होते. रविवारचे मुहूर्त आधी जातात. मंगळवार-बुधवारचा मुहूर्त निघत असेल तर घासाघीस करायला जागा असते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराच्या आसपासचं कार्यालय टाळावं, वऱ्हाडाच्या गाड्या गर्दीत अडकतात. होटगी रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोडकडे गाड्या लावायला जागा सापडते, पण स्टेशन-स्टँडवरून येणाऱ्या पाहुण्यांचं रिक्षाभाडं हिशेबात धरावं. आपल्या समाजाचं कार्यालय असेल तर सभासदाला सवलत आहे का, हे आधी विचारावं. अट एवढीच बघायची की आचारी आपला चालतो की त्यांचाच घ्यावा लागतो.

आदल्या रात्री तिथे कोणाचं रिसेप्शन आहे, हे विचारायला मात्र विसरू नये. ते बाराला उठलं तर भटारखाना धुऊन हातात यायला दोन वाजतात, आणि बुंदी पाडायला आचाऱ्याला तेव्हा चूल पेटलेली हवी असते. म्हणून इसार देताना पावतीवर तारखेबरोबर ताबा किती वाजता आणि सोडायचं किती वाजता, दोन्ही लिहून घ्यावं. अनामत रकमेतून तुटफुटीचे पैसे कापतात, तेव्हा पातेली, पराती, झारे, वगराळी मोजून यादीवर व्यवस्थापकाची सही घ्यावी, तीही सामान उचलण्याआधी.