ओव्हन आहे का?

शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५
एडिसन, न्यू जर्सी

सकाळी साडेसहाला चर्चच्या पार्किंगमध्ये पोचले तेव्हा नुकतं उजाडत होतं. वाटप नऊला सुरू व्हायचं होतं, पण गाड्यांची रांग फाटकातून बाहेर कोपऱ्यापर्यंत गेलेली. पेट्रोल वाचवायला इंजिनं बंद, आणि आत माणसं ब्लँकेटं लपेटून बसलेली.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथला आभार मानायचा सण, येत्या गुरुवारी. त्या दिवशी घरोघरी टर्की हा मोठा पक्षी ओव्हनमध्ये भाजतात. आमची शेजारीण या चर्चची. तिने दोन वर्षांपूर्वी विचारलं, "हात कमी पडतायत, येतेस का?" तेव्हापासून दर वर्षी शिधा वाटायला जाते. माझा धर्म तिथे कुणी विचारला नाही, आणि रांगेतल्या कुणाचा आम्ही विचारत नाही. घरात माणसं किती, एवढंच विचारायचं.

यंदाइतकी गर्दी मी पाहिली नव्हती. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प होतं आणि नोव्हेंबर उजाडताच फूड स्टॅम्पचे, म्हणजे गरजूंना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे थांबले. देशात जवळजवळ ४ कोटी २० लाख माणसांचा किराणा त्यावर चालतो. आता पैसे सुरू झालेत, पण मधल्या दिवसांत ज्यांनी भाड्यातले पैसे काढून किराणा भरला त्यांची घडी अजून बसलेली नाही. हे मला रांगेतल्याच एका बाईने सांगितलं. हॉस्पिटलचा गणवेश अंगावर होता, रात्रपाळी करून थेट आली होती.

माझ्याकडे रताळ्यांचं टेबल. बोटं गारठून रताळ्यांसारखीच कडक झाली होती. प्रत्येक खोक्यात रताळी, बटाटे, फरसबीचे डबे, क्रॅनबेरी सॉस, ग्रेव्ही, कॉर्नब्रेडचं पाकीट, आणि वर बारा-तेरा पौंडांची गोठवलेली टर्की, म्हणजे जवळजवळ सहा किलोंचा दगडच. फ्रीजमध्ये तिचा बर्फ सुटायला तीन दिवस लागतात, म्हणून वाटप आदल्या शनिवारी. गाडी पुढे आली की डिकीत खोकं ठेवायचं आणि आठवण करायची: सोमवारी फ्रीजरमधून खाली काढा.

साडेदहाच्या सुमाराला एक जुनी निळी गाडी आली. चाळिशीचा माणूस, मागे दोन मुलं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तो खाली उतरला, मुलांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "ताई, आम्ही रूट १ वरच्या मोटेलात राहतो. ओव्हन नाही. छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह, बस्स." त्याने इंग्रजीत 'मॅम' म्हटलं होतं, मला मात्र ताईच ऐकू आलं. मग डिकीतली टर्की स्वतः उचलून त्याने परत टेबलावर ठेवली. "ज्यांच्याकडे ओव्हन असेल त्यांच्या कामी येईल."

मला शब्द सुचेना. दोन वर्षं मी तेच वाक्य म्हणतेय, आणि 'ओव्हन आहे का?' हा प्रश्न एकदाही माझ्या तोंडी आला नाही. वाटप सांभाळणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांनी टर्कीऐवजी ब्रेड, पीनट बटर, टूनाचे डबे आणि फळं दिली, आणि गुरुवारी चर्चच्या स्वयंपाकघरातून चार ताटं पोचवायचं लिहून घेतलं. तो चार वेळा 'थँक यू' म्हणाला. मुलांनी काच खाली करून म्हटलं ते वेगळंच.

तेव्हापासून लहानपणची रेशनची रांग डोळ्यांपुढून हलत नाही. एका हातात साखरेची पिशवी, दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा, कार्ड फ्रॉकच्या खिशात. दुकानदार मान वर न करता कार्डावर खूण करायचा आणि बऱ्याचदा "संपलं" म्हणायचा. त्या रांगेत मला सगळ्यात जास्त काय हवं असायचं? त्याने एकदा माझ्याकडे बघावं. आज इतक्या वर्षांनी मी टेबलाच्या या बाजूला उभी होते, आणि मी बघत होते ते डिकीकडे.

आमच्या घरी कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नसे. आजोबा मात्र पानावरून उठताना रोज "अन्नदाता सुखी भव" म्हणायचे, घरचंच साधं पिठलं-भाकरी असली तरी. आजी तेव्हा चुलीपाशी असायची, मागे वळून बघायचीसुद्धा नाही. आज घरी येताना गाडीत मी ते मोठ्याने म्हटलं. त्या निळ्या गाडीवाल्यासाठी म्हटलं.

घरी आल्यावर ओव्हन उघडला. वीस वर्षांत त्यात कढया, तवे, अप्पेपात्र आणि आईने दिलेला बिडाचा तवा, एवढंच राहिलंय. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच दिसेल. आम्ही चिकन-मटण खातो, तेही गॅसवरच करतो. सगळं बाहेर काढून टेबलावर मांडलं, आतली जाळी घासली आणि चर्चमधल्या बाईंना फोन केला: ती परत आलेली टर्की माझ्याकडे द्या, गुरुवारी भाजून आणते. त्या म्हणाल्या, "कधी केलीयस का?" नाही म्हटलं. मग त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं आणि मी सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी जाऊन घेऊन आले. आता ती आमच्या फ्रीजरमध्ये आहे, मटारच्या पिशव्या बाजूला सारून. सोमवारी सकाळी उठल्याबरोबर खाली काढायची. कढया तोवर टेबलावरच राहतील.